या मातीला पातं नाही

सुजाता,

परवा घाटकोपरच्या हॉलमध्ये तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण झालं, मग लोक बोलायला उठले. वस्तीतली पहिली इंजिनियर मुलगी, किती जणांच्या फिया भरल्या, आईला मुलुंडला फ्लॅटमध्ये नेलं, असं सगळं. कुणी खोटं बोललं नाही. पण तू कुठे सापडेना मला त्यात. तू असतीस तर मागच्या खुर्चीवरून हळूच म्हणाली असतीस, "आटपा रे आता."

जेवणाच्या रांगेत तुमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, मॅडम नेमकं काय काम करायच्या हो? मी म्हटलं, कुठल्या जमिनीला नांगराचं कुठलं पातं लागतं ते सांगायच्या. त्यांनी मान हलवली, अच्छा म्हणाले आणि पुढे सरकले. यापेक्षा वेगळं काय सांगणार होतो मी? तेच तर करत होतीस तू आयुष्यभर. मुंबईत राहून, जिथे माती बघायची तर कुंडीत बघावी लागते.

मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतंच. तू रिक्षातून भांडुपच्या गाळ्यावर आलीस, गोणपाटात गुंडाळलेलं ते वाकडं लोखंड माझ्या टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, असंच हवंय, फक्त शेपटीकडे पीळ जास्त. अंधेरीतल्या तुझ्या कंपनीने नांगराचं खातं बंद केलं होतं आणि तू नोकरी सोडून आली होतीस. मी तेव्हा प्रेसवर कपाटांचे बिजागर आणि स्कूटरचे स्टँड दाबत होतो. बाबांची मिल बंद पडल्यावर त्यांनी घेतलेला गाळा, तोच मी पुढे चालवत होतो. मी म्हटलं, मॅडम, नांगराला एवढं कशाला? माती तर उलटी टाकायची आहे. तू माझ्याकडे नीट बघितलंस.

"गाव कुठलं तुमचं?"

"मालवणकडचं."

"मग तुमची चूक नाही. तुमच्याकडे माती कुठाय? कातळच आहे."

मला असा राग आला की ते काम मी रागापोटीच घेतलं. ते नसतं घेतलं तर आज भांडुपच्या गाळ्यात बसून हे लिहायची पाळी आली नसती, असंही या दिवसांत वाटून गेलं. मग लाज वाटली.

तूच मला शिकवलंस की फाळ जमीन नुसती कापतो. कापलेली माती उचलायची, फिरवायची आणि पालथी टाकायची, हे काम त्याच्या मागच्या पात्याचं. कॅटलॉगमध्ये त्याला मोल्डबोर्ड म्हणायचे, आपल्या गाळ्यात नुसतं पातं. तुझं म्हणणं, पातं मातीकडे बघून ठरवायचं; ट्रॅक्टर कुठला, मालक कोण, डीलर काय म्हणतो, हे सगळं नंतर. आणि माती म्हणजे तुझ्यासाठी काळी, तांबडी एवढंच नव्हतं. फोनवर शेतकऱ्याला विचारायचीस, मुठीत दाबल्यावर लाडू होतो का? लाडू टाकला तर फुटतो की चपटा होतो? नांगरताना धूळ उडते का ढेकळं पडतात? हराळी आहे का? पाऊस पडून गेल्यावर वाफसा यायला किती वेळ लागतो? समोरचा वैतागायचा. म्हणायचा, बाई, नांगर विकायचाय का लग्न जुळवायचंय?

तू हसायची नाहीस. "तेच समजा," म्हणायचीस.

मग तू गाळ्याच्या मागच्या भिंतीला लागून ती लांबलचक पेटी बांधून घेतलीस आणि मिलिंदला, तुझ्या धाकट्या भावाला, गावाहून टेम्पोभर काळी माती आणायला लावलीस. इस्टेटीचा वॉचमन विचारायला आला, भाजी लावणार काय? शेजारचा प्लॅस्टिकवाला चिखलावरून भांडला. पेटीत माती भरायची, पाणी मोजून मारायचं आणि साखळीने पातं तिच्यातून ओढायचं. मी दाबलेलं पहिलं पातं आपण ओढलं. माझ्या मते ते फार सुंदर झालं होतं. बफ मारून असं चमकवलेलं की तोंड दिसावं. अर्ध्या पेटीपर्यंत गेलं नाही तोच माती त्याला अशी चिकटली की पात्याचा आकारच दिसेना. नुसता चिखलाचा गोळा साखळीला बांधून ओढल्यासारखं. माझं तोंड पडलं. तू मात्र खाली बसून बोटाने ती माती खरवडत होतीस आणि खूश होतीस.

"बघ," म्हणालीस, "माझी माती कशी आहे ती. कुणाला सोडत नाही."

त्या दिवसापासून तू मला अरे-तुरे करायला लागलीस. नाव मात्र कधी घेतलं नाहीस. शेवटपर्यंत सावंतच.

त्या मातीसाठी मग आपण पट्ट्यांचं पातं केलं. सलग पत्र्याऐवजी मध्ये फटी ठेवून लांब पट्ट्या; चिकटायला जागाच कमी, त्यामुळे मातीचा दाब पट्टीवर जास्त पडतो आणि पट्टी घासून निघते. तू त्याला "पातं उजळणं" म्हणायचीस. आधी मला वाटायचं, ते आपण बफिंगने उजळवतो. तू म्हणालीस, आपण करतो तो मेकअप. पातं खरं उजळतं ते शेतात, नांगराने पाडलेल्या पहिल्या दोन-चार तासांत, चरांत, आणि चुकीच्या मातीत ते कधीच उजळत नाही. भांडुपच्या पावसाळी हवेत रातोरात गंज धरायचा, तेव्हा तू ग्रीसचा डबा घेऊन एकेका पात्याला हाताने चोपडत बसायचीस. ओढणी कमरेला खोचून. माझी बायको स्मिता एकदा डबा द्यायला आली आणि घरी येऊन म्हणाली, ती बाई त्या लोखंडाला तेल लावते की बाळाला?

मला त्या हराळीवाल्या बाईचं शेत आठवतं. तुझ्याच गावाकडची ती, एकटीने शेती करणारी. अख्खं रान हराळीने विणून टाकलेलं. दरवर्षी नांगरायची आणि दरवर्षी हराळी तुकडे होऊन दुप्पट उगवायची. तू तिच्यासाठी लांब पातं निवडलंस, सावकाश पिळाचं, मातीचा पट्टा न फोडता अख्खा पालथा घालणारं. ऐन उन्हाळ्यात गेलो होतो आपण. ट्रॅक्टर निघाला आणि मातीचा पट्टा चटईसारखा उलटत गेला, मुळं वर, उन्हाला. ती बाई तासातून अनवाणी चालत होती. शेवटपर्यंत गेली, परत आली, आणि तुझ्या हाताला धरून उभी राहिली.  परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसून सगळा वेळ बाहेर बघत होतीस. मी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताने केलेली वस्तू काय करते ते बघितलं होतं. कपाटाचा बिजागर लावल्यावर कुणी असं उभं राहत नाही. हे तुला सांगायचं राहिलं. म्हणजे सांगायला वेळ भरपूर होता, पण आपलं बोलणं म्हणजे भांडण. त्यात हे कुठे घालणार?

एकदा मी हट्टाने तुला मालवणला घेऊन गेलो. स्मिताही होती. काकांच्या कुणग्यात, त्या छोट्याशा भाताच्या वाफ्यात, तू उतरलीस, माती हातात घेतलीस, चोळलीस आणि म्हणालीस, हिला पलटी नांगर नकोच. थर वीतभर आहे, खालचा दगड वर येईल. काकांनी मला विचारलं, "अरविंदा, ह्या बायेक एवढ्या लांबसून हाडलंस ता नांगर नको म्हणून सांगूक?" तू इतकी हसलीस की बांधावरच बसलीस. मी सगळीकडे सांगायचो की आमच्या नांगरतज्ज्ञाने माझ्याच गावात नांगर विकू दिला नाही. आता वाटतं, त्या दिवशी मी नीट ऐकायला हवं होतं. पातं निवडण्यात "नको" हेही एक उत्तर असतं, ते तू तेव्हाच दिलं होतंस. पण मला वाटलं, तो नियम कोकणापुरता.

आपलं मोठं भांडण वेगळंच होतं आणि ते मिटलं नाही. मला एकच पातं हवं होतं. मधलं. थोडा पीळ, थोडी उभट वाकण, बऱ्याच ठिकाणी बऱ्यापैकी चालणारं. डीलर तेच मागायचे. त्यांना चार तऱ्हेची पाती ठेवायला जागा नव्हती आणि गिऱ्हाईकाला समजवायला वेळ नव्हता. मी म्हणायचो, सुजाता, शेतकरी नांगर एकदा घेतो, ते चपलेसारखं दर वर्षी बदलणार आहे का? तू म्हणायचीस, मधलं पातं म्हणजे कुणाचंच नाही. चिकणीत चिकटेल, मुरमात झिजेल, गवतात तुकडे करेल. "लोकांना वाईट नांगर दिलास तर ते म्हणतील नांगरटच वाईट." मी म्हणायचो, चार पात्यांचे चार डाय, चार साचे सांभाळता सांभाळता गाळाच राहणार नाही तर चांगला नांगर देणार कोण? दोघंही बरोबर होतो गं. म्हणून तर ते भांडण इतकं चाललं. चहावर, फोनवर, तुझ्या घरी आईने वाढलेल्या भाकरीवर. आई म्हणायच्या, तुमचं झालं की मला सांगा, मी टीव्ही लावते.

निकाल तिसऱ्यानेच लावला. रोटाव्हेटर आला. कुठली का माती असेना, वरची चार बोटं दळून पीठ करून ठेवतो, दिसायला झकास. लोकांना तेच हवं झालं. खाली घट्ट थर बसतो, पाणी मुरत नाही, हे तू सांगत राहिलीस. मेळाव्यांत सांगितलंस, फोनवर सांगितलंस. हळूहळू फोन कमी झाले. मग मी सोलर पॅनेलचे ब्रॅकेट दाबायला घेतले आणि त्यावर गाळा चालला. तू ते बघितलंस. आपले चार डाय कोपऱ्यात एकावर एक चढले. तू येऊन अधूनमधून त्यांना ग्रीस लावायचीस.

आणि मग गेल्या वर्षी तुझं पोट दुखायला लागलं. तू मला सांगितलं नाहीस. जेवण कमी झालं तर उन्हाळा म्हणालीस, वजन उतरलं तर चालायला लागले म्हणालीस. आईंनाही नाही सांगितलं. मला जेव्हा कळलं तेव्हा डॉक्टर ऑपरेशनचंही बोलत नव्हते. मी तुझ्यावर ओरडलो, आठवतं? हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर. लोक बघायला लागले. तू म्हणालीस, "सावंत, ओरडून गाठ विरघळणार असेल तर चालू दे." मला अजून तो राग आहे. तो कुठे ठेवायचा कळत नाही.

तुला घरी आणलं त्याच सुमारास तिकडे गावाला पूर आला. ओढा आणि नदी एक झाली. मिलिंदचं घर वाचलं, जनावरं वाचली. पाणी ओसरल्यावर त्याने फोन केला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. ओढ्याकाठचं सगळं रान खरडून गेलं होतं. पीक गेलं असं नाही. पीक पुन्हा येतं. माती गेली होती. ती माती, जिची आपल्या पेटीत परीक्षा व्हायची, जी कुणाला सोडत नव्हती, ती एका पाण्यात निघून गेली होती. खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता.

मिलिंद मुलुंडला तुला बघायला आला. येताना प्लॅस्टिकच्या पिशव्यांत शेताचे नमुने घेऊन आला. आई त्याला रागावल्या, पोरगी कशी आहे आणि तू दगडं काय आणतोस? पण तू उशीला टेकून बसलीस आणि हात पुढे केलास. बोटं काडीसारखी झाली होती. पिशवीतला मुरूम तळहातावर घेतलास, थेंबभर पाणी मागितलंस, मळून बघितलंस. लाडू होत नव्हता. दुसरी पिशवी, तिसरी पिशवी. पांघरुणावर सगळी बारीक खडी सांडली. मी आणि मिलिंद पलंगाशी उभे होतो, जसं डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना उभे राहायचो तसे.

तू हात झटकलेस.

"याला पातं नाही," म्हणालीस.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. अमुक पातं नको, उथळ चालवा, थांबा, वाफसा येऊ द्या, हे सगळं ऐकलं होतं. काकांच्या कुणग्यातसुद्धा तू पलटी नको म्हणालीस, पण साध्या नांगराने चालेल म्हणाली होतीस. मी वाद घालायला लागलो. म्हटलं, मुरमासाठी आखूड पातं असतं ना, उभट, कडक पोलादाचं, तूच शिकवलंस. थोडा थर फोडू, शेणखत घालू, तलावातला गाळ आणून टाकू. तू डोळे मिटून ऐकलंस.

"सावंत, नांगर फक्त असलेली माती उलटी करतो. नसलेली कुठून आणणार?"

मिलिंद गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी तरीही ते पातं केलं. तुला विचारून नाही केलं. कोपऱ्यातला आखूड डाय काढला, पत्रा भट्टीत लाल केला, दाबला, तेलात विझवला. सगळं तू सांगितल्याप्रमाणे. गाळ्यात आता ब्रॅकेटची पोरं आहेत. त्यांनी हे काम कधी बघितलं नव्हतं. मला वाटत होतं की हे पातं चाललं तर आणखीही काही तरी चालेल. काय ते मी मनातसुद्धा पुरतं म्हणत नव्हतो. तुझा शब्द कुठेतरी चुकायला हवा होता मला. एकदाच.

थंडीत मी गावाला गेलो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मिलिंदने आणला होता. बांधच उरले नव्हते, त्यामुळे शेत कुठे सुरू होतं तेही मिलिंदने पावलांनी दाखवलं. नांगर टेकवला. फाळ कर्रकर्र करत वरच्यावर सरकला, मग एके ठिकाणी घुसला आणि चपटे दगड वर फेकत गेला. दगडामागे दगड. पातं उजळलं, सुजाता. पहिल्याच तासात लख्ख झालं आणि दुसऱ्या तासाला त्यावर ओरखडे पडले. ट्रॅक्टरवाल्याने थांबून मागे बघितलं. मिलिंद म्हणाला, अजून एक बघू.

खालच्या अंगाला, बाभळीच्या मुळांनी धरून ठेवलेला काळ्या मातीचा एक तुकडा तेवढा राहिला होता. एखाद्या खोलीएवढा. ओलसर होता. मिलिंद म्हणाला, तिथं तरी फिरवा. तिथे ते आखूड पातं नेलं आणि माती त्याला गच्च चिकटली. अगदी आपल्या पेटीत चिकटली होती तशी. त्या तुकड्याला पट्ट्यांचं पातं हवं होतं. एकाच शेतात, हाकेच्या अंतरात, दोन तऱ्हेच्या मातीला दोन पाती लागत होती. आपलं भांडण तिथे संपलं. तू जिंकलीस. पण ते बघायला आम्ही तिघे होतो आणि शेत नव्हतं.

मिलिंद त्या चिकटलेल्या मातीकडे बघत राहिला. मग त्याने हातानेच ती पात्यावरून खरवडली, आणि खाली न टाकता बाभळीच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. ओंजळ ओंजळ.

मी परत आलो ते थेट तुझ्याकडे. तू विचारलंस, गेला होतास ना? मी सगळं सांगितलं. तू एकेक विचारत होतीस. किती खोल? दगड चपटे की गोल? माती कुठवर चिकटली, शेपटीपर्यंत की अर्ध्यातच? मी सांगत होतो आणि तुझे डोळे थोडा वेळ तुझे झाले होते. मग ते संपलं. तू म्हणालीस, मिलिंदला सांग, आता नांगरू नको. तसंच पडू दे. गवत येईल, झुडपं येतील, ती माती धरतील, त्यांचा पाला कुजेल. मी विचारलं, किती वर्षं? तू भिंतीकडे बघत होतीस.

"आपल्यापैकी कुणी नसेल तेव्हा कुणीतरी मुठीत घेऊन बघेल," म्हणालीस. मग थोड्या वेळाने, "लाडू होतो का ते."

ही आशा होती की नाही, मी किती वेळा विचार केला. मला नाही वाटत. तू खोटी आशा द्यायची नाहीस, डीलरला नाही, शेतकऱ्याला नाही. ते फक्त मातीचं गणित होतं. ते तू तसंच सांगितलंस.

त्यानंतर तू फारशी बोलली नाहीस. शुद्धीत असायचीस तेव्हा आईंचा हात धरायचीस. एकदा मला म्हणालीस, ग्रीस लावलंस का? मी हो म्हटलं. गेलीस त्या दुपारी मी खाली केमिस्टकडे गेलो होतो. वर आलो तर आई पंखा बंद करत होत्या. मला म्हणाल्या, तिला गार लागत होतं.

आज सकाळी मिलिंद गाळ्यावर आला. गावी परतायच्या आधी भेटून जातो म्हणाला. चहा मागवला. तो डायवर बसला, बराच वेळ ब्रॅकेटचा प्रेस बघत राहिला. मला वाटलं, अक्काची आठवण. मग म्हणाला, सावंतदादा, एक बोलायचं होतं. रानाचं. मी म्हटलं, तिने सांगितलंय ना, पडू दे. तो म्हणाला, आठवतंय.

"पण गवत खाऊन माणूस जगतो का, दादा?"

मग त्याने सगळं सांगितलं. तिकडे मोठा रस्ता होतोय. भरावाला मुरूम लागतो. ठेकेदाराची माणसं पूर आलेल्या सगळ्या रानांतून फिरून गेली. माती वाहून गेल्यामुळे मुरूम आयता उघडा पडलाय, वरचा थर काढायचं कामच नाही. शेजाऱ्यांनी दिला. मिलिंदनेही दिला. तू अंथरुणावर होतीस तेव्हाच बोलणी झाली होती. तू असेपर्यंत त्याने खणायचं मशीन लावू दिलं नाही. आता येत्या आठवड्यात लागेल. बाभळीजवळचा तुकडा सोडा म्हणून सांगितलंय, पण मशीनला वळायला तिकडूनच जागा आहे.

त्याने मला विचारलं, अक्काला चाललं असतं का? मी त्याच्याकडे बघितलं. तुझेच डोळे आहेत त्याचे. हो म्हणालो असतो तर तो जरा हलका होऊन गावी गेला असता. मी नाही म्हटलं. तुझ्याबद्दल खोटं बोलवेना. त्याने मान हलवली, कप खाली ठेवला आणि ट्रॅव्हल्सची वेळ झाली म्हणून उठला. दारापर्यंत मी गेलो. पाठीवर हात ठेवला. तो निघून गेला.

मी त्याला थांबवलं नाही. काय देऊन थांबवणार होतो? माझ्याकडे चार डाय आहेत आणि ज्या मातीसाठी ते केले ती माती नाही. तू असतीस तर भांडली असतीस, आणि भांडूनही मशीन आलंच असतं.

दुपारी आईंचा फोन आला होता. मिलिंद नीट निघाला का विचारत होत्या. मग म्हणाल्या, सुजी म्हणायची रानाला आता हात लावायचा नाही, गवत वाढू द्यायचं. यंदा पाऊस झाला की मला एकदा घेऊन जा तिकडे, बघून येऊ कसं आलंय ते. मी हो म्हटलं.

आईंना मी काहीच सांगितलेलं नाही. तुला सांगतोय.